अंगरख्याची राखण

"कुत्रा धरा होऽऽ!"

चोइजिलनं टेकाडावरूनच हाळी दिली आणि तिथंच थांबला. आमच्याकडं कुणाच्या गेरवर जायचं तर अशी दुरून हाळी द्यावी लागते. त्या नमद्याच्या गोल घरातून कुणीतरी बाहेर येतं, कुत्र्याच्या मानेवर हात ठेवतं, मगच पाहुण्यानं पाऊल पुढं टाकायचं. पण आज हाळी देताना म्हाताऱ्याला हसू आवरत नव्हतं, कारण खाली बद्राखच्या तळावरून जो कुत्रा त्याच्या अंगावर धावून येणार होता तो त्याचा स्वतःचाच होता. खल्तार. अर्ध्या वाटेत त्याला वास लागेल, भुंकणं घशातच अडकेल, आणि मग ते अस्वलाएवढं धूड काय करील, हे बघायला चोइजिल उलानबातरपासून व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आला होता. काखेतल्या पिशवीत उकडलेल्या फुप्फुसाचे तुकडे होते. बायकोनं, दुल्मानं, निघताना हातात कोंबले होते.

कुणी भुंकलं नाही.

गेरचं दार उघडलं आणि बद्राखची बायको खोर्लो बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं टेकाडाकडं पाहिलं, ओळखलं, आणि ओरडली, "या दादा, खुशाल या! धरायला कुत्रा नाहीय इथं!"

चोइजिलचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढून कुठं ठेवावं हे त्याला कळेना. टेकाड उतरताना त्यानं दोनदा पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आता दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर त्यानं दारातच विचारलं असतं, कुठंय माझा कुत्रा? पण आम्ही पडलो रीतीचे गुलाम. आधी आत जायचं, डाव्या अंगाला बसायचं, तपकिरीच्या बाटल्यांची अदलाबदल करायची, एकमेकांची तपकीर हुंगून "वा" म्हणायचं. मग विचारायचं, हिवाळा कसा गेला? आणि समोरच्यानं म्हणायचं, छान गेला. जनावरं अंगानं भरलीत? भरलीत. बाहेर मेलेल्या मेंढ्यांच्या कातड्यांची चळत लागलेली असली तरी छान आणि भरलीत. वाईट गोष्ट पहिल्या वाडग्याबरोबर तोंडातून काढायची नाही. ती दुसऱ्या वाडग्याला, चहाची साय निवल्यावर.

फोनला दुसरा वाडगा नसतो, हीच तर रड होती. सबंध हिवाळा चोइजिल शहरातून फोन करायचा. रेंज मिळावी म्हणून बद्राख घोड्यावरून खिंडीपर्यंत चढलेला असायचा, कानात वारा घोंघावत असायचा. "कसं चाललंय?" "छान." "खल्तार बरा आहे?" "बरा आहे." तेवढ्यात फोन तुटायचा. चोइजिल खुशीत येऊन दुल्माला सांगायचा, बरा आहे म्हणे. ती म्हणायची, "अरे म्हाताऱ्या, तो तसंच म्हणणार. तू त्याच्या जागी काय म्हणाला असतास?" पण ते त्यानं हसण्यावारी नेलं.

आज बद्राखनं तपकिरीची बाटली रीतीप्रमाणे उजव्या हातानं पुढं केली, पण तिला खालून डाव्या हाताचा टेकू दिला. उजव्या हाताची दोन बोटं ताठ होती. चोइजिलनं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. हिवाळा छान गेला होता. जनावरं भरली होती. मिठाचा चहा संपला, खोर्लोनं वाडगा पुन्हा भरला.

"दादा," बद्राख चुलीकडं बघत म्हणाला, "तुम्ही वयानं मोठे. तुम्हाला तोंडावर बोलू नये. पण तुमचा कुत्रा कुचकामी निघाला."

"मेला का?"

"मरतोय कुठला! आहे ना, हिवाळी तळावर. आम्ही इकडं हललो, तो नाही हलला. बसलाय साहेबासारखा तुमच्या अंगरख्यावर."

"अंगरख्यावर?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचा ट्रक गेला, हा तिथंच. म्हटलं, मालक गेलाय, मालकाचा वास आहे, बसेल थोडे दिवस. कसले थोडे दिवस! कळप चरायला निघाला की मान वर करायचा, शेपूट हलवायचा, पण बूड म्हणून उचलायचा नाही. पहिलं बर्फ पडलं तेव्हा मला वाटलं, अंगरखा भिजतोय, आत घेऊ या, म्हणजे हाही उठेल. हात घातला." त्यानं ती दोन बोटं वर केली. "आता यांनी लगाम धरता येत नाही."

"मी सांगितलं होतं घालू नको म्हणून," खोर्लो म्हणाली.

"तू नंतर सांगितलंस."

चोइजिलच्या हातातला वाडगा तोंडापर्यंत गेलाच नव्हता. बद्राखला मात्र आता थांबवत नव्हतं. हिवाळाभर साठलेलं होतं ते.

"मग लांडगे आले. भर दुपारी, धुक्यात. मेंढवाड्याच्या अगदी अंगाशी. मी घोड्यांपाशी होतो, आरडाओरडा ऐकून धावलो. आणि बघतो काय, तर हा पहाड उभा राहून बोंबलतोय! धावायचा, अर्ध्यात पोचायचा, आणि परत फिरायचा. पुन्हा धावायचा, पुन्हा अंगरख्यापाशी. रडत होता दादा, खोटं नाही सांगत, बाईमाणसासारखा रडत होता. पण गेला नाही. मी बंदूक उडवेपर्यंत त्यांनी काय ते करून टाकलं. तुमच्या मेंढ्या नेमक्या त्या कडेला होत्या. त्यातली एक राहिली, तुटक्या कानाची. खोऱ्यात सगळे हसतात मला. चोइजिलचा नावाजलेला कुत्रा घेतलास ना, म्हणतात, घे आता, अंगरख्याचा चौकीदार!"

"गोळीच घालायला निघाला होता हा," खोर्लोनं चुलीत शेणी सारली. "मी म्हटलं, घाल. कुत्रा मेला की पुढच्या जन्मी माणूस होतो. आला तुझ्याच घरात जावई होऊन, एवढा राग मनात धरून, मग काय करशील? तेव्हा बंदूक खाली ठेवली. मीच जाते अधूनमधून घोड्यावरून, चरबी घातलेली कांजी ठेवून येते. माझ्यावर नाही गुरगुरत. पण हात अंगरख्याकडं गेला की दात."

चोइजिलनं वाडगा खाली ठेवला. त्याच्या उजव्या हाताचा पंजा मांडीवर पालथा पडला होता, आणि त्या पंजाकडं तो असा बघत राहिला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. त्याला आठवलं होतं.

खल्तारला त्यानं मागून आणलं होतं. कुत्रं आम्ही विकत घेत नाही. ज्याच्याकडं कुत्री व्यायली त्याच्या घरी निळा रेशमी शेला न्यायचा, कुत्रीच्या पुढ्यात चरबीचा गोळा ठेवायचा, तिचं पिल्लू तिच्याकडं मागायचं. मानगुटीला धरून उचललं तर सगळी पिल्लं केकाटली, हे एक लोंबकळत राहिलं आणि चोइजिलकडं रोखून बघत राहिलं. काळंभोर, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके, चार डोळ्यांचं. घरी आणल्यावर त्यानं त्याला गेरमध्ये घेतलं नाही. सरळ कोकरांमध्ये टाकलं. दुल्मा म्हणायची, बाहेर केवढी थंडी आहे, घे रे आत. हा म्हणायचा, कोकरं आहेत ना बाहेर? कुणी त्याला मांडीवर घेतलं नाही, कुणी गोंजारलं नाही. कोकरांच्या पोटाशी झोपून, मेंढीच्या सडाला चोरून तोंड लावून ते वाढलं, आणि मोठं झाल्यावर आपण कुत्रा आहोत की दातांची मेंढी, हे त्याला ठाऊक होतं की नाही देव जाणे.

शिकवण्यासारखं तसं फार नसतं. असली कुत्री रक्तातच शहाणी. पण चोइजिलला खोड होती. रोज संध्याकाळी तो पिल्लाला कळपाच्या कडेला बसवायचा आणि आपण चालू लागायचा. पिल्लू मान वळवून त्याच्याकडं बघत राहिलं की परत येऊन नाकावर टिचकी. जाणाऱ्याकडं बघायचं नाही. डोंगराकडं बघायचं, जिकडून कुणी येईल तिकडं. गेला तो घरचा, येईल तो परका. कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या. शेवटी एकदा चोइजिल उठून गेला, दूर जाऊन चोरून मागं पाहिलं, तर एवढुसं ते पिल्लू पाठ करून डोंगराकडं तोंड करून बसलं होतं. त्या दिवशी त्यानं एकट्यानं बसून घोडीच्या दुधाची आंबवलेली ताक-दारू प्यायली होती, एवढा आनंद.

आणि मग अंगरखा. हरवलेली घोडी शोधायला जायचं असेल, कळप माळावर टाकून, तर चोइजिल अंगातला कातड्याचा अंगरखा काढून कळपाजवळ पसरायचा, त्यावर दोनदा थाप मारायचा. म्हणजे, मी येऊन हे उचलीपर्यंत इथून हलायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी. कळप अंगरख्याभोवतीच चरायचा, त्यामुळं मेंढ्या आणि अंगरखा यांतलं एक निवडायची पाळी कुत्र्यावर कधी आली नव्हती. दूरच्या माळावर, कुणी बघत नसताना चालायचं हे. लोकांना दाखवलं तर म्हणतील, सर्कस काढली म्हाताऱ्यानं, म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुल्माला तेवढं माहीत होतं.

शरद ऋतूत खल्तारला बद्राखकडं सोडलं त्या दिवशी मात्र दुल्मा नव्हती. तिची मूत्रपिंडं थकली होती, दर दोन-तीन दिवसांनी रक्त साफ करून घ्यायचं, म्हणजे शहरातच राहायला हवं. लेकीनं तिला आधीच नेलं होतं. मागं राहून चोइजिलनं गेर मोडलं, थोड्याशा मेंढ्या उरल्या होत्या त्या बद्राखच्या कळपात सोडल्या, आणि खल्तारही त्यालाच दिला. शहरात एवढ्याशा कुंपणात साखळीला बांधून ठेवायचं असलं जनावर? त्याच्या गळ्याला आजवर दोरी माहीत नव्हती.

कुत्रा दुसऱ्याला दिला की अंगावरचं वापरलेलं कापड सोबत द्यायचं, ही आमची जुनी रीत. चोइजिलच्या बापानं दिलं होतं, आज्यानं दिलं होतं. वासाला बिलगून कुत्रा चार दिवस काढतो, मग रुळतो. सगळ्यांच्या कुत्र्यांना लागू पडतं. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. चोइजिलनं अंगरखा काढला. नशीब दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून गळ्याचं बटण आठवणीनं कापून खिशात टाकलं, हेही रीतीचंच. अंगरखा मेंढवाड्याच्या भिंतीशी पसरला, खल्तारला जवळ बोलावलं. बोलवेना. म्हणून त्यानं अंगरख्यावर हात ठेवला.

दोनदा थाप मारली होती. मनानं नाही, हातानं मारली होती. आता, मांडीवरच्या त्या पंजाकडं बघताना त्याला ती थाप ऐकूसुद्धा आली. बटण तेवढं आठवलं होतं. दुल्मा असती तर हातावर चापट मारली असती तिनं.

"बद्राख," तो म्हणाला, "एक घोडा दे."

"आत्ता? चहा तर घ्या. मांस शिजतंय."

"घोडा दे रे."

खोर्लोनं नवऱ्याकडं पाहिलं. बद्राख उठला आणि खोगीर चढवायला गेला.

हिवाळी तळ खिंडीपलीकडं होता. बर्फ गेलं होतं, सावलीत तेवढं मळकट उरलं होतं. गेरचं वर्तुळ जमिनीवर उमटलेलं दिसत होतं, मेंढवाड्यात लेंड्यांचा जाड थर वाळून फुटला होता. दगडी भिंतीच्या आडोशाला काहीतरी काळं पडलेलं होतं. चोइजिल घोड्यावरून उतरला. हाळी द्यावी असं त्याच्या मनात आलं, इतकी सवय. पण कुणाला देणार? धरणारं कुणी नव्हतं.

"खल्तार."

कान हलला. मग डोकं वर झालं. त्या डोक्याखाली केवढी मान असायची, आयाळीसारखे केस. आता हाडांवर केसांची गुंतवळ लटकत होती. एका कानाचं टोक थंडीनं जळून गळालं होतं. कुत्रा उठला नाही. धावत आला नाही. अंगरख्यावर पडल्यापडल्या त्यानं चोइजिलकडं पाहिलं आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटलं, थोडं थांबून आणखी एकदा. हुकूम होता ना. मालक आला म्हणून हुकूम संपत नाही. मालकानं उचलल्यावर संपतो.

चोइजिल गुडघ्यांवर बसला. अंगरखा जमिनीला चिकटला होता. खालचं कातडं कुजून गेलं होतं, वरचं मात्र खल्तारच्या अंगाखाली कोरडं राहिलं होतं. म्हाताऱ्यानं कडा धरली, ओढली, सोडवली. बद्राखची बोटं जिथं गेली होती तिथंच त्याचेही हात होते, आणि कुत्रा आज्ञाधारकपणे बाजूला सरकून जागा करून देत होता. चोइजिलला वाटलं, यानं मलाही चावायला हवं होतं. निदान एकदा.

त्यानं अंगरखा झटकला आणि अंगात घातला. कुबट, एका अंगानं ओला, कुत्र्याच्या वासाचा. खल्तार उठून उभा राहिला. मागचे पाय थरथरत होते. सगळं अंग नाकापासून शेपटीपर्यंत झाडलं, तर तोल जाऊन बसला, पुन्हा उठला. चोइजिलनं पिशवीतले तुकडे काढून पुढं केले. त्यानं हुंगले, एक घेतला, पण चावता चावता तो इकडंतिकडं बघत होता. मेंढवाड्यात गेला. रिकाम्या मेंढवाड्यात कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरला, बाहेर आला, आणि चोइजिलसमोर उभा राहून त्यानं बारीकसा आवाज काढला.

"माहितेय रे," चोइजिल म्हणाला. "माहितेय. चल, तिकडं आहेत."

घोडा त्यानं हातात धरूनच नेला. कुत्र्याला घोड्याच्या चालीनं येववलं नसतं. खिंडीत खल्तार दोनदा आडवा पडला, दोन्ही वेळा चोइजिल शेजारी बसून राहिला. तो त्याला कधी गोंजारायचा नाही. कुत्रा बिघडतो. आज त्यानं हात पुढं केला, त्या डोळ्यांवरच्या ठिपक्यांपाशी नेला, आणि काय करायचं ते न कळून परत घेतला. एवढ्या वर्षांत सवयच नव्हती, दोघांनाही.

तळावर पोचले तेव्हा खोर्लो कोकरं मोकळी करत होती. ती हातातलं कोकरू घेऊन तशीच उभी राहिली. बद्राख दोन पावलं मागं सरला आणि त्यानं तो हात पाठीमागं नेला. खल्तारचं दोघांकडंही लक्ष नव्हतं. तो सरळ कळपात घुसला. मेंढ्या जराशा पांगल्या, पुन्हा जमल्या. एकेक मेंढी हुंगत तो पुढं चालला. हुंगायचा, पुढं जायचा. एकदा सगळा कळप झाला. मग फिरून पहिल्यापासून सुरुवात केली. तुटक्या कानाच्या मेंढीपाशी थांबला, तिचं तोंड चाटलं, आणि बाकीच्यांना शोधायला पुन्हा निघाला.

"काय शोधतोय तो?" बद्राखनं विचारलं.

चोइजिलनं सांगितलं. सगळं सांगितलं. दूरच्या माळावरचा खेळ, थाप, ट्रकवाल्याचा हॉर्न. सांगताना तो अंगरख्याच्या गळ्याला हात लावत होता, जिथं बटण नव्हतं. "कुत्रा भित्रा नाहीय बद्राख. त्याला दोन कामं दिली होती मी. एकाच वेळी. माझ्या मेंढ्या माझ्याच हातानं गेल्या, आणि तुझी बोटंही."

बद्राखनं आपल्या ताठ बोटांकडं पाहिलं. मग एकदम उसळून म्हणाला, "अहो, मग फोनवर सांगायचं होतं ना! दादा, मी खिंडीत गोठून मरायचो फोनसाठी. तुम्हाला घेऊन आलो असतो, नाहीतर तुमचा आवाज फोनमध्ये भरून तरी ऐकवला असता त्याला!"

"तू म्हणालास, बरा आहे."

"तुम्ही विचारलंत, बरा आहे का! मग मी काय म्हणणार? हिवाळ्यात, फोनवर, म्हाताऱ्या माणसाला, बायको दवाखान्यात असताना?"

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? काही बरोबर नाहीय!"

"दोघंही शहाणे," खोर्लो म्हणाली आणि कोकरू खाली सोडलं. तिचे डोळे भरून आले होते. ते लपवायला ती पातेलं आणायला वळली. "तो मुका आहे म्हणून बोलला नाही. तुम्हाला काय झालं होतं?"

तिनं चरबीची कांजी आणून कळपाच्या कडेला ठेवली. खल्तार आला, पातेलं चाटून पुसून रिकामं केलं, आणि बद्राखच्या समोरून जाताना क्षणभर थांबला. बद्राखनं श्वास धरला. कुत्र्यानं त्याचा तो हात हुंगला, ताठ बोटं हुंगली, आणि पुढं गेला.

"भडव्या," बद्राख हलकेच म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन परत जाणार होती. चुकवून चालणार नव्हतं, दुल्माची दवाखान्याची पाळी होती, आणि तिला जिन्यावरून हात धरून उतरवायला हाच लागायचा. चोइजिलला एकच घोर लागला होता. गाडी सुटली की खल्तार मागं धावणार. असल्या पायांनी किती धावेल, कुठं पडेल? अंगरखा इथं ठेवून जावा तर पुन्हा तेच. नेला तर हा वासामागं येणार. शेवटी त्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याकडं साखळी मागितली.

"बांधा त्याला," तो म्हणाला. "गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मला नाही जमणार."

बद्राख साखळी घेऊन निघाला खरा, पण तोवर कळप उतारावर चरायला गेला होता आणि खल्तारही. लंगडत, थांबत, पण कळपाच्या बाहेरच्या अंगानं. "आता तिथं जाऊन बांधू?" बद्राखनं विचारलं. "बघा कसा चाललाय तो. मन होत नाही हो."

व्हॅनचा हॉर्न वाजला. खोर्लोनं रीतीप्रमाणे चमच्यानं दूध हवेत उडवलं, वाट सुखाची व्हावी म्हणून. चोइजिल ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसला. अंगरख्याचा गळा उघडा पडत होता, वारा आत शिरत होता. त्यानं तो मुठीत धरला आणि काच खाली करवून घेतली. गाडी हलली. आता धावेल, आता धावेल, म्हणून त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर आधीच हात ठेवला होता, थांब म्हणायला.

उतारावर मेंढ्या पसरल्या होत्या. त्यांच्या कडेला खल्तार बसला होता. गाडीचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता असं कसं म्हणावं? धड राहिलेला कान जरासा मागं वळला होता. पण बसला होता तो पाठ करून, डोंगराकडं तोंड करून, जिकडून लांडगे येतात तिकडं.

"थांबू का बाबा?" ड्रायव्हरनं विचारलं.

चोइजिलनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. एवढा हिवाळा त्यानं मनात एक चित्र रंगवलं होतं, कुत्रा आपल्यासाठी झुरतोय, आपल्या वासाला बिलगून बसलाय. तो झुरत होता की नुसतं सांगितलेलं करत होता, हे आता कधीच कळणार नव्हतं. कळायची जी एक वाट होती, ती त्यानं स्वतःच, नाकावर टिचक्या मारमारून, बंद करून टाकली होती.

"एकदा बघ रे," तो काचेबाहेर तोंड काढून पुटपुटला. "एकदाच. चालेल आज."

गाडी वळणावर आली. खल्तारनं मान वळवली नाही. त्याला तसंच शिकवलं होतं.